जुन्या साहेबाचा फोन

वहिनी एरवी मुद्द्यावर यायला पाऊण तास घेतात. आधी पाणी किती वाजता आलं, मग कामवालीच्या सुट्ट्या, मग समोरच्यांच्या गाडीचं नवं कव्हर. त्या दिवशी मात्र कढीपत्ता तोडायच्या निमित्तानं भिंतीशी आल्या आणि थेट म्हणाल्या, "ताई, नवी कंपनी जुन्या साहेबाला खरंच फोन करते का हो?"

"कुणाच्या जुन्या साहेबाला?"

"असंच विचारलं."

असंच कुणी विचारत नाही. निगडी प्राधिकरणात तर नाहीच. मी उभी हयात पर्सोनेलमध्ये काढली, शेवटी शेवटी त्याला एचआर म्हणायला लागले एवढाच फरक. त्यामुळे गल्लीत कुणाच्या मुलाबाळांचं ऑफर लेटर, नोटीस पिरियड, पीएफ असलं काही निघालं की ते आमच्या भिंतीवर येतं. मी गप्प राहिले. मी गप्प राहिले की वहिनींना बोलल्याशिवाय राहवत नाही.

प्रकरण त्यांच्या भाचीचं निघालं. धाकट्या बहिणीची मुलगी, मेकॅनिकल झालेली, क्वालिटीत काम करणारी. चाकणला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात होती. एक दिवस डिस्पॅचच्या वेळेला साहेबानं तिच्यापुढं इन्स्पेक्शन रिपोर्ट सरकवला. लॉट तपासलेला नव्हता. ट्रक गेटवर उभा, ग्राहकाची लाइन थांबेल म्हणून बोंब चाललेली. ही म्हणाली, "पाच पीस तरी मोजू द्या." साहेब म्हणाला, "आधी सही कर, मग हवे तेवढे मोज." हिनं सही केली नाही. साहेबानं ती दुसऱ्याकडून घेतली, ट्रक गेला, आणि हिचं तिथलं अन्नपाणी संपलं. मीटिंगमध्ये टोमणे, अप्रेझलमध्ये सगळ्यात खाली नाव, दुसऱ्याच्या चुकांचे खुलासे हिच्याकडं. शेवटी कंटाळून राजीनामा दिला. निघायच्या दिवशी साहेबानं केबिनचं दार मुद्दाम उघडं ठेवलं आणि बाहेरच्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "चाकणपासून रांजणगावपर्यंत तुला कोण घेतं तेच बघतो."

"असं म्हणाला?"

"अगदी असं. माझी बहीण रडत होती हो सांगताना."

आता पोरगी भोसरीत एका लहान युनिटमध्ये आहे. तिथं पगार कधी दहाला, कधी बावीसला. दुसरी नोकरी शोधायची, पण गुपचूप. भोसरीच्या मालकाला कळलं तर बावीसचा पगार तीसवर जाणार, आणि जुन्या साहेबाला कळलं तर तो फोन फिरवणार. त्यातून हा मालक आणि तो साहेब व्हेंडर मीटला एकाच टेबलावर जेवतात.

"मग करतात का फोन?" वहिनींनी पुन्हा विचारलं.

म्हटलं, करतात. पण लोक ज्याला घाबरतात तो फोन वेगळा, आणि घाबरायला हवं तो वेगळा.

पहिला फोन कागदोपत्री. कंपनी माणूस पसंत करते आणि चौकशीचं काम बाहेरच्या एजन्सीला देते. बीजीव्ही म्हणतात त्याला, बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन. तिथं हेडफोन लावून बसलेली विशी-बाविशीची पोरं जुन्या कंपनीच्या एचआरला मेल टाकतात. कधी लागली, कधी सोडली, हुद्दा काय, शेवटचा पगार किती, शिस्तभंगाचं काही आहे का, येणं-देणं बाकी आहे का. आणि तळाला एक रकाना असतो: परत घ्याल का? पुष्कळ कंपन्या तारखा आणि हुद्दा एवढंच कळवतात, बाकीचे रकाने कोरे सोडतात. उगाच कशाला लिहून द्या, हा हिशेब. साहेबाचा इथं संबंध येतो तो फक्त फॉर्ममध्ये रिपोर्टिंग मॅनेजरचा नंबर मागितला असेल तर. आणि आत्ताच्या कंपनीला विचारायचं की नाही, हे त्याच फॉर्ममध्ये आपल्याला लिहिता येतं. राजीनामा दिल्यावरच विचारा म्हणून कळवायचं. ते पाळतात, बहुतेक.

"आणि दुसरा?"

दुसरा फोन कुठल्याच फायलीत नसतो. मुलाखत घेणारा माणूस संध्याकाळी गाडीत बसतो, नाशिक फाट्याला ट्रॅफिकमध्ये अडकतो, आणि ओळखीच्याला लावतो. "अरे, ती तुझ्याकडं होती ना? कशी आहे?" पलीकडचा लगेच काही बोलत नाही. एक मोठा श्वास घेतो. मग म्हणतो, "कामाला तशी बरी आहे." संपलं. शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं. शिव्या घालणाऱ्याबद्दलच ऐकणाऱ्याला शंका येते. त्या श्वासाला मात्र उत्तर नसतं. माझ्यासमोर चांगली चांगली माणसं त्या एका श्वासावर यादीतून गेली आहेत आणि त्यांना ते आजतागायत माहीत नाही.

वहिनींच्या हातातली डहाळी तशीच राहिली.

एवढ्यात पलीकडच्या अंगानं नाना आले. नाना लेबर ऑफिसर म्हणून रिटायर झाले, आणि आमच्या गप्पा त्यांना झाडांना पाणी घालता घालता ऐकू येतात. (नळी बंद असली तरी येतात.) आल्या आल्या त्यांनी निकालच दिला. "दावा ठोकायचा! अब्रुनुकसानीचा. पूर्वी चारशे नव्व्याण्णव होतं, आता न्याय संहितेत तीनशे छप्पन्न."

कलमं बरोबर होती. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली, आणि बदनामी तिथं ३५६ मध्ये आहे. पण त्याच कलमाला अपवादांची लांबलचक शेपटी आहे, आणि त्यात एक असा की स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या हितरक्षणासाठी सद्‌हेतूनं कुणाविषयी काही सांगितलं तर ती बदनामी नाही. साहेब कोर्टात हेच म्हणणार, विचारलं म्हणून सांगितलं. शिवाय ऐकलं कुणी? नव्या कंपनीच्या मॅनेजरनं. तो साक्षीला येणार? तो तर त्याच्याच ताटातला. आणि ‘तशी बरी आहे’ यात कोर्टाला दाखवायला सापडणार काय? मी म्हटलं, "नाना, दावा लागेपर्यंत ही पोरगी आजी होईल."

नाना ऐकणारे नव्हेत. पण त्यांनी एक गोष्ट सांगितली ती मला आवडली, कारण ती आपल्या कल्याणची. सेंच्युरीच्या टायर कॉर्डच्या प्लँटमध्ये निरंजन शंकर गोलीकरी नावाचे शिफ्ट सुपरवायझर होते. १९६३ मध्ये पाच वर्षांचा करार करून लागलेले. पुढच्याच वर्षी मधूनच सोडून ते कोट्याला राजस्थान रेयॉनमध्ये जास्त पगारावर गेले. कंपनी कोर्टात गेली, प्रकरण पार सुप्रीम कोर्टापर्यंत पोचलं, आणि १९६७ मध्ये निकाल कंपनीच्या बाजूनं लागला: कराराची मुदत चालू असेपर्यंत दुसरीकडं तेच काम करायचं नाही ही अट चालते.

"म्हणजे अडवता येतं?" वहिनी घाबरल्या.

"करार चालू असेपर्यंत!" नानांनी नळी खाली ठेवली. त्यांना आता रंग चढला होता. "नोकरी सुटल्यावर नाही. १९८० मध्ये कृष्ण मुरगईंचा खटला झाला. सोडल्यावर दोन वर्षं आमच्या स्पर्धकाकडं जायचं नाही असं कंपनीनं लिहून घेतलेलं. सुप्रीम कोर्टानं कंपनीला परत पाठवलं. १८७२ चा करार कायदा, कलम सत्तावीस. माणसाला त्याचा धंदा करायला बंदी घालणारा करार रद्दबातल. राणीच्या काळातला कायदा आहे, पण पक्का."

बाँडचं मात्र वेगळं, हे मी मध्येच घातलं, कारण गल्लीतल्या निम्म्या पोरांनी बाँड लिहून दिलेले आहेत. २०२५ मध्ये विजया बँकेच्या एका अधिकाऱ्याचं प्रकरण सुप्रीम कोर्टात निघालं: तीन वर्षांच्या आत सोडलंत तर दोन लाख भरा, अशी अट. कोर्टानं ती उचलून धरली. म्हणजे पैसे मागता येतात, पायात बेडी घालता येत नाही. भाचीनं ना बाँड लिहून दिलेला ना काही, त्यामुळे ‘रांजणगावपर्यंत बघतो’ला कायद्याचा आधार शून्य. त्याच्याकडं आहे तो फक्त फोन.

वहिनींचं म्हणणं, हे सगळं आपल्याकडंच चालतं, अमेरिकेत माणसाला किंमत आहे. मी म्हटलं, तुमच्या सॅन होजेतल्या लेकाला विचारा. ॲपल, गूगल, इंटेल अशा बड्या बड्या कंपन्यांनी आपसांत ठरवलं होतं की एकमेकांची माणसं फोन करून ओढायची नाहीत. इंजिनिअर बिचारे वाट बघत बसलेले, आपल्याला कुणी विचारत कसं नाही म्हणून. गूगलच्या भरतीवाल्या एकानं चुकून ॲपलच्या माणसाला गाठलं तर स्टीव्ह जॉब्जनी गूगलकडं तक्रार केली, त्या भरतीवाल्याला काढून टाकतोय असं उत्तर आलं, आणि साहेबांनी ते उत्तर आपल्या एचआरच्या बाईंना पाठवलं. वर काय लिहिलं? एक हसरा चेहरा. बस. २०१० मध्ये तिथल्या सरकारनं त्या कंपन्यांना कोर्टात खेचलं, आणि इंजिनिअरांच्या दाव्यात २०१५ मध्ये चार कंपन्यांना साडेएक्केचाळीस कोटी डॉलर मोजावे लागले. तेव्हा साहेब लोक सगळीकडं सारखेच, फक्त तिकडं त्यांचे ईमेल कोर्टात वाचून दाखवतात.

पुढच्या आठवड्यात भाची स्वतःच आली. निमित्त कढीपत्त्याचंच. (आमच्या कढीपत्त्याला आता पानं कमी आणि निमित्तं जास्त आहेत.) हुशार पोरगी, डोळ्यांत धार. फोन काढून तिनं दाखवलं तर लिंक्डइनवर फोटोभोवती हिरवं कडं, नोकरी हवी आहे म्हणून. वहिनी बघून म्हणाल्या, "अगं, ही तर स्थळं बघायला काढल्याची जाहिरात झाली!"

कडं काढायला लावलं. त्याऐवजी फक्त रिक्रूटरांना दिसेल अशी सोय आहे, ती चालू केली तर आत्ताच्या कंपनीच्या रिक्रूटरांपासून ते लपवतात, पण शंभर टक्के हमी लिंक्डइन स्वतःच देत नाही. आणि हे कुणाच्या लक्षात येत नाही: लपवायचं ते आत्ताच्या कंपनीपासून. जुन्या कंपनीच्या एचआरला ते दिसणारच. तिच्या बाबतीत भीती नेमकी तिकडून. नोकरी डॉट कॉमवर मात्र कुठल्या कंपन्यांना आपली प्रोफाइल दिसू नये त्यांची नावं घालता येतात. तिनं भोसरीची घातलेली, चाकणची राहिलेली. ती घालून घेतली.

"आता सुरक्षित?"

कसली सुरक्षित! मध्ये कन्सल्टंट असतो ना. त्याच्याकडं चाळीस कंपन्यांची कामं, आणि त्यात नेमकी जुनी कंपनी असली तर हा बाबा हिचाच बायोडेटा हिच्याच जुन्या साहेबाच्या टेबलावर नेऊन ठेवणार, वर नमस्कार करून. म्हणून कन्सल्टंटला पहिल्याच मेलमध्ये लिहायचं: मला विचारल्याशिवाय बायोडेटा कुठंही पाठवू नका, आणि या दोन ठिकाणी तर अजिबात नाही. तोंडी सांगितलेलं तो त्याच दिवशी विसरतो. लिहिलेलं निदान दुसऱ्या दिवशी विसरतो.

बाकी पथ्यं तिला ठाऊकच होती. बायोडेटा ऑफिसच्या लॅपटॉपवर उघडायचा नाही, ऑफिसच्या प्रिंटरवर तर मुळीच काढायचा नाही. मला एक गृहस्थ आठवतात, त्यांच्या बायोडेट्याचं दुसरं पान ट्रेमध्ये राहिलं आणि ते प्लँट हेडनं स्वतः आणून त्यांना दिलं, "हे तुमचं" म्हणून. मुलाखती शक्यतो सकाळी आठच्या आत, व्हिडिओवर. रजेचं कारण साधं ठेवायचं आणि प्रत्येक वेळी नवं द्यायचं नाही. आणि कपडे! शॉपवर रोज टी-शर्टवर जाणारी पोरगी बुधवारी अचानक कडक इस्त्रीत आली की सगळ्या लाइनला कळतं. हिनं अक्कल लढवून महिनाभर आधीपासूनच रोज इस्त्रीचं घालायला सुरुवात केली होती. मला कौतुक वाटलं.

एवढं सगळं करूनही फुटलं. कुठून? भिशीतून.

वहिनींनी भिशीत फक्त एवढंच म्हटलं होतं की भाचीसाठी चिंचवडच्या गणपतीला एकवीस मोदकांचं बोलले आहे, चाकणच्या त्या मेल्या साहेबाच्या नजरेतून पोरगी सुटू दे. नाव नाही, गाव नाही, काही नाही. पण भिशीतल्या सोळा बायकांपैकी एकीचे यजमान त्याच कारखान्यात स्टोअर्सला. ‘क्वालिटीतली, सही न करणारी, निगडीची मावशी’ हे कोडं सोडवायला त्यांना भक्ती-शक्ती चौकातून सुटलेली कंपनीची बस चाकणला पोचेपर्यंतचा वेळ पुरला. संध्याकाळी भाचीच्या एका जुन्या मैत्रिणीचा मेसेज: "साहेब विचारत होते, कुठं बघतेय म्हणून."

पोरगी मावशीशी दोन दिवस बोलली नाही. वहिनी भिंतीशी येऊन म्हणाल्या, "मी तर देवाचं सांगत होते हो." मी काय बोलणार. लिंक्डइनवर कंपनी लपवायची सोय आहे, मावशी लपवायची नाही.

पण खरं सांगायचं तर त्यानं एक बरं झालं. लपायचं संपलं, तेव्हा पोरगी तयारीला लागली. आणि माझं मत पहिल्यापासून हेच आहे की जुन्या साहेबापासून लपण्यात जेवढी शक्ती जाते त्याच्या निम्म्यात त्याच्या आधी पोचता येतं.

वहिनींनी त्यातही एक युक्ती काढली होती. "चाकणची नोकरी बायोडेट्यात लिहायचीच नाही. म्हणजे विचारणार कुणाला?" हे तर अजिबात नको. २०१४ पासून पीएफला बारा आकडी यूएएन आहे, आणि त्याच्या सर्व्हिस हिस्टरीत कुठल्या आस्थापनेत कधी लागलात, कधी सोडलंत ते ओळीनं येतं. व्हेरिफिकेशनवाले आता सर्रास तीच मागतात. लपवलेली नोकरी तिथं निघाली की साहेबाला फोन उचलायचीही गरज नाही. आपणच आपलं काम तमाम केलेलं असतं.

मग आम्ही माणसं शोधली. जुन्या साहेबाचा नंबर रेफरन्स म्हणून द्यायलाच हवा असा काही नियम नाही. साहेबाच्या वरचे एक होते, प्लँट हेड, ते मध्यंतरी सोडून गेले होते. सोडून गेलेली माणसं मोकळं बोलतात, हे लक्षात ठेवण्यासारखं. शिवाय ग्राहकाकडचा सप्लायर क्वालिटीचा इंजिनिअर, जो दर तीन महिन्यांनी ऑडिटला यायचा आणि हिच्याच टेबलाशी बसून रिपोर्ट लिहायचा. त्याच्या शब्दाला साहेबाच्या शब्दापेक्षा वजन जास्त, कारण तो गिऱ्हाईक. दोघांना तिनं आधी फोन करून परवानगी घेतली, काय विचारतील तेही सांगितलं. नुसता नंबर लिहून मोकळं होणारे पुष्कळ असतात, मग त्या माणसाला अनोळखी नंबरवरून फोन जातो, तो लग्नाच्या पंगतीत असतो आणि म्हणतो, "कोण ती?"

साहेबाशी बिनसण्याआधीच्या दोन वर्षांची अप्रेझलची पत्रं तिच्याकडं होती, कंपनीनं तिच्याच नावानं दिलेली. ती काढून ठेवली. तो रिपोर्ट किंवा कंपनीचे मेल असलं काही मात्र घरी आणलेलं नाही ना, हे मी दोनदा विचारून घेतलं. तसलं काही दाखवायला गेलं की समोरचा पुरावा बघत नाही, ही कंपनीचे कागद घरी नेते हे बघतो.

राहिला मुख्य प्रश्न: चाकण का सोडलं? याची तालीम भिंतीवरच झाली. नाना मुलाखतकार झाले, खुर्ची टाकून, चष्मा कपाळावर. पोरगी सुरू झाली: साहेब असा, ट्रक तसा, मग त्यानं त्या दुसऱ्या मुलाला बोलावलं, मग त्यानं घाबरत घाबरत...

"थांब," नाना म्हणाले. "एवढं ऐकेपर्यंत माझी शिफ्ट सुटली."

मग नानांचं नि माझं वाजलं. नाना म्हणत, सगळं ठोकून सांगावं, खोट्या रिपोर्टवर सही घेतात म्हणून सांगावं, क्वालिटीला अशीच माणसं लागतात. मी म्हणत होते, लागतात हे भाषणात. समोरचा मनात एकच विचार करतो की उद्या ही आमच्याबद्दलही असंच बाहेर सांगेल. मला विचाराल तर स्वतःपुरतं सांगावं, साहेबाचं त्याच्यापाशी राहू द्यावं. आपण सही केली नाही, एवढं आपलं. त्यानं ती दुसऱ्याकडून घेतली, हे आपलं नव्हे. ज्याला कळायचं त्याला तेवढ्यात कळतं, चाकणमध्ये सगळ्यांनीच ट्रक गेटवर उभे केलेले असतात.

शेवटी पोरीनं स्वतःच बसवलं. "एका लॉटच्या तपासणीवरून वरिष्ठांचं आणि माझं पटलं नाही. तपासल्याशिवाय मी सही केली नाही. त्याआधीची अप्रेझलं सोबत आहेत, आणि माझ्या कामाबद्दल ग्राहकाकडच्या इंजिनिअरांना विचारू शकता." आवाज न चढवता, आणि पुढं एक शब्द न बोलता. न बोलणं तिला सगळ्यात जड गेलं. चार वेळा म्हणवून घेतलं तेव्हा जमलं.

भोसरीच्या पगाराचंही मध्येच निघालं. वहिनींना काळजी, हा मालक सोडताना पैसे बुडवेल. कायदा आता असा आहे की राजीनामा दिला तरी देणं असलेलं वेतन दोन कामकाजी दिवसांत चुकतं करायचं. वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली, तिच्यात आहे ते. कायद्यात आलंय, मालकाच्या डोक्यात यायचंय. तरी ऑफर लेटर हातात पडेपर्यंत तिथं चकार शब्द काढायचा नाही, यावर आमच्या तिघांचं पहिल्यांदाच एकमत झालं.

मुलाखत तळेगावला झाली. त्यानंतर बरेच दिवस काही कळेना. वहिनी रोज भिंतीशी येत, कढीपत्ता न तोडता परत जात. मग एका संध्याकाळी त्या आल्या त्या पदर खोचूनच.

"झालं!"

"घेतलं?"

"घेतलं! आणि ऐका तर. त्या मॅनेजरनं केला होता हो फोन. त्या मेल्यालाच."

"मग?"

"मग काय, त्यानं पंधरा मिनिटं वाचलं म्हणे हिच्यावर. हट्टी आहे, ऐकत नाही, टीम सांभाळता येत नाही, ग्राहकापुढं तोंडघशी पाडते. सगळं! मॅनेजरनं हिला हे स्वतः सांगितलं, दुसऱ्या राउंडला."

नानांची नळी आपोआप बंद झाली.

"आणि तरी घेतलं?"

"तो मॅनेजर पूर्वी दोन वर्षं त्याच्याच हाताखाली होता! म्हणाला, म्हणून तर त्यांना विचारलं. त्यांनी तुमचं कौतुक केलं असतं तर मला विचार करावा लागला असता."

नाना एवढे हसले की त्यांना ठसका लागला. मलाही हसू आवरेना, पण मनातल्या मनात मी म्हटलं, दर वेळी समोर असा माणूस निघत नाही. ग्राहकाकडच्या त्या इंजिनिअरलाही फोन गेला होता, आणि तो तब्बल अर्धा तास बोलला होता, हे वहिनींनी नंतर, जाता जाता सांगितलं. त्यांच्या दृष्टीनं त्यात काही मजा नव्हती.

"पगार किती?" नानांनी विचारलं. माझ्याही ओठांवर तेच होतं.

"नका विचारू, तिनं कुणाला सांगायचं नाही म्हणून शपथ घातलीय." वहिनींनी मागं वळून पाहिलं, गेट बघितलं. "नऊ लाख वीस."

"ऑफर लेटर आलं?"

"शनिवारी येतंय."

"आणि भिशी कधी आहे?"

वहिनींनी बोटं मोजली. "शुक्रवारी."

"मग शुक्रवारी तुमच्या पोटात दुखतंय," मी म्हटलं.